कागदाचे द्विपंखी विमान : दिसते तसे असते का?

शालेय विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी, सौरमाला आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र यांच्या जोडीला विमानाची एखादी प्रतिकृती हमखास असते. त्यातही पहिल्या महायुद्धातील द्विपंखी लढाऊ विमानांचे मुलांना विशेष आकर्षण. एकावर एक दोन पंख, त्यांच्या मध्ये उभे दांडे, नाकाशी लाकडी पंखा आणि अंगावर ठळक वर्तुळे किंवा क्रॉस, हे रूप चटकन नजरेत भरते. अशा विमानांचे छापील कागदी नमुने आता सहज मिळतात. संगणकावरून नमुना घ्यावा, झेरॉक्सच्या दुकानात कार्डशीटवर छापून आणावा आणि कात्री, पट्टी व फेविकॉल घेऊन बसावे. चिकाटी असेल तर नववीतला विद्यार्थी दोन आठवड्यांत सॉपविथ कॅमल किंवा एस.ई.५ए हे विमान हुबेहूब उभे करतो.

या लेखात आम्ही या प्रतिकृतींचे परीक्षण करणार आहोत. कारागिरीला गुण देण्याचा येथे हेतू नाही. विज्ञान शिकवण्याचे साधन म्हणून त्यांची किंमत किती, एवढाच आमचा प्रश्न आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. छापील नमुन्यातून विमानाचे रूप उत्तम कळते, पण ते विमान तसेच का होते हे कळत नाही. उलट, जे कळायला हवे तेच पुष्कळदा झाकले जाते. शिक्षकाने योग्य प्रश्न विचारले, तर मात्र त्याच कागदातून बरेच काही शिकता येते.

जमेची बाजू

प्रथम या नमुन्यांच्या जमेच्या बाजू नोंदवू. सपाट कागदावरून घन आकार घडवणे ही भूमितीची उत्तम कसरत आहे. विमानाचे चौकोनी धड घड्या घालून होते. शेपटीकडे निमुळता होणारा भाग शंकूच्या पट्टीतून होतो. कॅमलच्या नाकावरील गोलसर आवरण मात्र एका तुकड्यातून होत नाही. त्यासाठी कागदाला पाकळ्या कापाव्या लागतात. असे का, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. नळी व शंकू उलगडून सपाट करता येतात, गोलाचा पृष्ठभाग मात्र न ताणता, न फाडता सपाट होत नाही. पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर काढताना ग्रीनलंड अवास्तव मोठे का दिसते, याचे उत्तर त्या पाकळ्यांतच आहे.

दुसरा लाभ प्रमाणाचा. कागदी विमाने बहुधा १:३३ या प्रमाणात असतात. एस.ई.५ए च्या पंखांचा खरा पल्ला ८.११ मीटर होता, म्हणजे प्रतिकृतीत तो साडेचोवीस सेंटिमीटर, वितीपेक्षा थोडा अधिक. मोजमाप, गुणोत्तर आणि धीर या तिन्ही गोष्टी हाताला लागतात. हे थोडे नाही. पण येथेच थांबलो तर विज्ञान हाती लागत नाही.

तारा कोठे गेल्या?

द्विपंखी विमानाला दोन पंख का असत, असे विचारले की बहुतेक उत्तर येते, 'दुप्पट उचल मिळावी म्हणून.' हे उत्तर अपुरे आहे. दोन पंख जवळजवळ असले की वरच्या पंखाखालचा जास्त दाब आणि खालच्या पंखावरचा कमी दाब मधल्या जागेत एकमेकांना मारक ठरतात. त्यामुळे प्रत्येक पंख एकटा असताना देईल त्यापेक्षा कमी उचल देतो. मग ही रचना का टिकली? खरे कारण मजबुतीचे आहे.

त्या काळचे पंख पातळ असत. स्प्रूस लाकडाच्या दोन लांब तुळया, त्यांवर फासळ्या आणि सर्वांवर ताणून बसवलेले तागाचे कापड, एवढाच त्यांचा सांगाडा. असा पातळ पंख एकट्याने सहज वाकतो. ऑक्टेव्ह शान्यूट हे अमेरिकेतील रेल्वेपुलांचे अभियंते होते. पुलांना वापरतात तसा तिरप्या आधारांचा सांगाडा त्यांनी १८९६ साली आपल्या द्विपंखी ग्लायडरला दिला. राइट बंधूंनी तीच वाट धरली आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र उडाले. द्विपंखी विमान म्हणजे उडणारा पूल, असे म्हटले तर वावगे होणार नाही. वरचा पंख, खालचा पंख, उभे दांडे आणि तिरप्या तारा मिळून हा पूल होतो.

यांतील तारा हाच प्राण आहे. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकृत्या बनवण्याचा खेळ अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांमुळे आपल्या शिक्षकांना परिचित आहे. त्यात चौकोन डगमगतो आणि त्रिकोण ताठ राहतो हे मुले क्षणात पाहतात. दोन पंख आणि दोन दांडे मिळून चौकोनच होतो. तार कर्णावर आली की त्याचे दोन त्रिकोण होतात. छापील नमुन्यात मात्र या तारा बहुधा नसतातच, किंवा 'हवे असल्यास काळा दोरा लावा' एवढी सूचना असते. प्रतिकृती तारांवाचूनही उभी राहते, कारण कागदाला घड्या घातल्या आहेत आणि सांधे डिंकाने घट्ट झाले आहेत. पाहणाऱ्याचा समज होतो की तारा ही केवळ सजावट होती.

हा समज दूर करण्यासाठी एक साधा प्रयोग आहे. कार्डशीटच्या ३० सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या घ्या. सुमारे २५ मिलिमीटर जाडीच्या लाकडी ठोकळ्याच्या वर एक आणि खाली एक अशा त्या एका टोकाशी चिकटवा. पट्ट्यांच्या मध्ये २५ मिलिमीटर उंचीचे कागदी दांडे दोन-तीन ठिकाणी, पुढच्या व मागच्या कडेला, चिकटपट्टीने असे बसवा की ते सांध्यापाशी फिरू शकतील. आता मोकळ्या टोकावर नाणे ठेवा. दांडे कलतात, चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो आणि दोन्ही पट्ट्या खाली येतात. यानंतर वरच्या पट्टीच्या मुळापासून खालच्या पट्टीवरील पहिल्या दांड्याच्या तळापर्यंत दोरा ताणून बांधा. प्रत्येक चौकोनात, पुढच्या व मागच्या अशा दोन्ही कडांना, याच दिशेने दोरा बांधा. पुन्हा नाणे ठेवा. फरक सांगावा लागणार नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो याचा हिशेब वरच्या वर्गातील विद्यार्थी करू शकतील. सांगाडा पूर्णपणे एकजीव आहे असे धरले, तर नुसत्या एकावर एक ठेवलेल्या दोन पट्ट्यांच्या तुलनेत त्याचा ताठपणा असा वाढतो : दोन पट्ट्यांमधील अंतराला पट्टीच्या जाडीने भागावे, त्याचा वर्ग करावा आणि तिनाने गुणावे. पट्टी पाव मिलिमीटर जाड आणि अंतर २५ मिलिमीटर असेल, तर उत्तर येते ३०,०००. प्रत्यक्षात सांधे सैल असतात, दोरा ताणला जातो, म्हणून इतका लाभ मिळत नाही. पण पंख एकमेकांपासून दूर ठेवण्यात काय स्वारस्य होते, ते या आकड्यावरून ध्यानात येते.

आता तो सांगाडा उलटा करा आणि पुन्हा नाणे ठेवा. तो पुन्हा खाली येईल, कारण दोरा फक्त ओढ सहन करतो, दाब नाही. म्हणून दुसऱ्या कर्णावरही दोरा हवा. खऱ्या विमानात हवेतील उचल पेलण्यासाठी तारांचा एक संच असे आणि जमिनीवर उतरताना पंखांचे वजन व धक्का पेलण्यासाठी दुसरा. कारखान्यात पंखांची कसोटी घेताना विमान उलटे ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचत. वाळू खाली दाबते, पण विमान उलटे असल्याने पंखांना ती उचलीसारखीच वाटते. तुमचे उलटे ठेवलेले नाणे म्हणजे तीच वाळूची पिशवी होय.

तारांकडे दुर्लक्ष करणाऱ्या नमुन्यांतून इतिहासातील एक महत्त्वाचे वळणही निसटते. १९१८ च्या वसंतात आघाडीवर आलेले जर्मन फॉकर डी.७ हे द्विपंखी विमान होते, पण त्याच्या पंखांना बाहेरून तारा नव्हत्या. त्याचे पंख जाड होते आणि त्यांची ताकद आतील लाकडी पेटीसारख्या तुळयांत होती. त्याच वेळी त्याच आकाशात उडणाऱ्या एस.ई.५ए ला मात्र तारा होत्या. दोघांच्या तारा वगळून केलेल्या कागदी प्रतिकृती शेजारी ठेवल्या, तर फॉकर बरोबर ठरते आणि एस.ई.५ए चूक. पाहणाऱ्याला तर दोन्ही सारखीच दिसतात.

एका तुळईची किंमत

रचनेकडे पाहिले नाही तर काय होते, याचा धडा त्या काळच्या अभियंत्यांनाही मिळाला होता. जर्मनीच्या आल्बाट्रोस डी.३ या विमानाचा खालचा पंख फ्रेंच निऊपोर विमानांच्या धर्तीवर अरुंद केला होता. त्यामुळे वैमानिकाला खालचे चांगले दिसे. पण अरुंद पंखात तुळई एकच बसली आणि दोन पंखांना जोडणारा दांडा व्ही आकाराचा झाला. एका काठीवर खिळलेला फलक वाऱ्याने फिरतो, दोन काठ्यांवर बसवलेला फिरत नाही. वेगाने खाली झेपावताना हा पंख पिळवटू लागला आणि मोडू लागला. २४ जानेवारी १९१७ रोजी खुद्द मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन यांच्या विमानाचा खालचा पंख उड्डाणात तडकला. ते कसेबसे सुखरूप उतरले. कागदी नमुन्यात तो व्ही आकाराचा दांडा अगदी अचूक छापलेला असतो. त्याच्या मागचे कारण आणि त्याची किंमत मात्र नमुन्यासोबतच्या सूचनापत्रकात नसते.

कागदालाही दिशा असते

आता साहित्याकडे वळू. लाकडाच्या तुळईत तंतू लांबीच्या दिशेने धावले पाहिजेत, हे सुताराला सांगावे लागत नाही. कागदही तंतूंचाच बनलेला आहे, हे मात्र आपण विसरतो. कारखान्यात कागद धावत्या जाळीवर बनतो, त्यामुळे बरेचसे तंतू यंत्राच्या दिशेने वळतात. छापखान्यातील माणसे याला ग्रेन म्हणतात. एकाच कार्डशीटमधून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी आणि एक आडवी. टेबलाच्या कडेबाहेर दोन्ही सारख्याच अंतराने काढा. एक पट्टी दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त झुकेल. पंख ताठ हवा असेल तर तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने हवेत. छापील नमुन्यात भाग कागद वाचवण्याच्या हिशेबाने मांडलेले असतात. मग एकाच विमानाचा उजवा पंख ताठ आणि डावा लोंबता झाला तर नवल नाही.

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या शिक्षकांना या प्रयोगाची दुसरी बाजूही जवळच पाहता येईल. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या परिसरात कागजीपुरा हे गाव आहे. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी ते वसवले असे परंपरा सांगते. हातकागदासाठी ते गाव प्रसिद्ध आहे. हातकागद बनवताना लगद्याच्या पाण्यात चौकट बुडवून हलवत वर काढतात, त्यामुळे तंतू सर्व दिशांना पसरतात. हातकागदाच्या उभ्या व आडव्या पट्ट्या घेऊन वरील प्रयोग केला, तर फरक फारच कमी दिसतो. पदार्थाचा गुणधर्म तो कसा घडवला यावर अवलंबून असतो, हे पदार्थविज्ञानातील मोठे सूत्र दोन पट्ट्यांत दिसते.

कागद हवेतील ओलावाही शोषतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याच्या कोरड्या हवेत केलेली प्रतिकृती जुलैत वाकडी झाली, तर विद्यार्थ्याला रागावू नये. तिला नोंदवहीत जागा द्यावी. खऱ्या विमानांच्या कापडावर सेल्युलोजयुक्त लेप देत. तो सुकताना आकसून कापड ताणून धरी आणि ओलाव्यापासून वाचवी.

लहान झाले की बदलते

प्रदर्शनात हमखास येणारा प्रश्न म्हणजे, 'हे उडते का?' उत्तर बहुधा नकारार्थी असते, आणि ते का, याचा विचार होत नाही. १:३३ प्रमाणात लांबी ३३ पटीने कमी होते, क्षेत्रफळ १,०८९ पटीने आणि घनफळ ३५,९३७ पटीने. एस.ई.५ए चे भरलेले वजन सुमारे ९०० किलो होते. त्याला ३५,९३७ ने भागले की २५ ग्रॅम येतात. प्रति चौरस मीटर २०० ग्रॅम वजनाच्या कार्डशीटचे ए-फोर आकाराचे दोन कागद म्हणजे जवळजवळ तेवढेच वजन. प्रतिकृतीला किती कागद व किती डिंक लागला हे मुलांनी तराजूवर पाहावे. नाकाचा प्रश्न वेगळाच. खऱ्या विमानाच्या नाकात धातूचे जड इंजिन असे, कागदी विमानाच्या नाकात हवा असते. गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि सोडताच विमान शेपटीवर बसते. नाकात एखादे नाणे चिकटवले की वागणूक बदलते. असे का, हे मुलांनी तरफेच्या नियमाने सांगावे.

वजन नेमके २५ ग्रॅम ठेवता आले, तर उड्डाणाचा वेग ३३ च्या वर्गमुळाने, म्हणजे पावणेसहा पटीने कमी होईल. खरे विमान ताशी १२० किलोमीटर वेगाने तरंगत असेल, तर प्रतिकृती ताशी २१ किलोमीटरने तरंगावी. येथवर गणित सरळ आहे. पण हवा मात्र लहान होत नाही. लांबी आणि वेग यांचा गुणाकार करून त्याला हवेच्या चिकटपणाशी निगडित राशीने भागले की रेनॉल्ड्स अंक मिळतो. वरील उदाहरणात खऱ्या पंखासाठी तो सुमारे ३४ लाख येतो, तर कागदी पंखासाठी जेमतेम १८ हजार. लहान पंखाला हवा जणू अधिक चिकट लागते. अशा हवेत जाड पंख नीट काम करत नाही, पातळ वक्र पट्टी चांगली काम करते. कागदी विमानाला म्हणूनच पातळ पंख सोसतो.

याच मुद्द्याने द्विपंखी विमानांच्या इतिहासात मोठी उलथापालथ घडवली. राइट बंधूंनी १९०१ साली आपल्या छोट्या पवनबोगद्यात काही इंच लांबीच्या पातळ पंखांची कसोटी घेतली. पुढची अनेक वर्षे प्रयोगशाळांतील पवनबोगदे लहान आणि त्यांतील वारा मंद होता. तेथे पातळ पंख सरस ठरत, म्हणून अभियंते खऱ्या विमानालाही पातळ पंख देत. पातळ पंख वाकतो, म्हणून दोन पंख, दांडे आणि तारा. तारांचा हवेला रोध फार, म्हणून वेगावर मर्यादा. जर्मनीत गटिंगन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या देखरेखीखाली १९१७ साली मोठा पवनबोगदा कार्यान्वित झाला. तेथे अधिक रेनॉल्ड्स अंकावर चाचण्या झाल्या, तेव्हा खऱ्या आकाराच्या जवळ गेल्यावर जाड पंखही उत्तम चालतो हे स्पष्ट झाले. फॉकरचे जाड, बिनतारांचे पंख त्याच काळातले. द्विपंखी रचनेमागे इतर कारणेही होती. ब्रिटनच्या युद्ध खात्याने तर अपघातांच्या भीतीने १९१२ साली सैनिकी वैमानिकांना एकपंखी विमानांवर काही महिने बंदीच केली होती. पण एक कारण निश्चित हे की लहान प्रतिकृतीने मोठ्या माणसांना चकवले. प्रतिकृती कोठे खरी आणि कोठे खोटी, हे विचारण्याची सवय म्हणूनच लहानपणी लागायला हवी.

पातळ पंखाचा आणखी एक उपयोग आहे. उचलीचे स्पष्टीकरण देताना अनेक पुस्तके सांगतात की पंखाची वरची बाजू लांब असते, वरच्या व खालच्या हवेला मागच्या कडेशी एकाच वेळी पोचायचे असते, म्हणून वरची हवा वेगाने जाते. कागदाची वक्र पट्टी हातात घेऊन तिची वरची आणि खालची लांबी मोजा. दोन्ही जवळजवळ सारख्याच आहेत, तरी ती उचल देते. एकाच वेळी पोचण्याचा असा कोणताही नियम हवेला बांधलेला नाही. पंख हवेला खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून वर उचलला जातो. वरच्या बाजूला हवेचा वेग अधिक व दाब कमी असतो हे खरे, पण त्याचे कारण लांबी नव्हे.

चित्रावरून विमान

रूपावर विसंबण्याचा दोष आपल्याकडे आणखी एका प्रकारे दिसतो. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडवले, अशी कथा महाराष्ट्रात सांगितली जाते. तिच्यावर २०१५ साली हिंदी चित्रपटही आला, आणि त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान झाल्याने बराच वाद झाला. या कथेच्या पुष्ट्यर्थ 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील आकृत्या दाखवल्या जातात आणि त्यांवरून पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीही बनतात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली या ग्रंथाची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी ग्रंथाची हेटाळणी केली नाही. त्यातील आकृत्या व वर्णने घेऊन बल, वजन आणि शक्ती यांचे नेहमीचे हिशेब मांडले. ग्रंथ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे आणि त्यात वर्णिलेले एकही यान उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांच्या धडपडीविषयी आम्हाला अनादर नाही. पण त्यांच्या यंत्राचे आराखडे, वजन, इंजिनाची शक्ती किंवा उड्डाणाचे मोजमाप यांपैकी काहीच आज तपासायला उपलब्ध नाही, आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीने ती उणीव भरून निघत नाही. पुठ्ठ्याला कोणताही आकार देता येतो. विद्यार्थ्याने असे यान प्रदर्शनात मांडले, तर त्याला रागावू नये. एस.ई.५ए ला विचारले तेच प्रश्न त्यालाही विचारावेत. वजन किती? पंखाचे क्षेत्रफळ किती? भार कोण पेलतो? गुरुत्वमध्य कोठे? प्रश्न सर्वांना सारखे असले म्हणजे कोणाच्या अभिमानाला धक्का लागण्याचे कारण उरत नाही.

आत बसलेला माणूस

ही विमाने युद्धासाठी बनली होती, याचाही शिक्षकाला विसर पडू नये. कलकत्त्यात जन्मलेले इंद्रलाल रॉय ब्रिटिश हवाई दलाच्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये एस.ई.५ए चालवीत. ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर १० विमाने नोंदली गेली. २२ जुलैला फ्रान्समध्ये त्यांचे विमान पेटून कोसळले. त्यांचे वय होते १९, म्हणजे आपल्या बारावीच्या विद्यार्थ्यापेक्षा वर्ष-दीड वर्षाने मोठे. त्या युद्धात बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना पॅराशूट मिळे, ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना मात्र ते दिले जात नसे. छापील नमुन्यात वैमानिकाची जागा असते, कधी इवलीशी कागदी बाहुलीही असते, पण ही माहिती नसते. युद्धाचा गौरव करण्यासाठी किंवा मुलांना घाबरवण्यासाठी ही माहिती सांगायची नाही. तार तुटणे म्हणजे काय, पंख पिळवटणे म्हणजे काय, याचा अर्थ माणसाच्या संदर्भात कळावा, एवढ्यासाठी सांगावी.

तर मग काय करावे?

नमुने फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. एखादा नमुना जसाच्या तसा करायला हरकत नाही, पण त्यानंतर त्याच विद्यार्थ्याने दुसरे विमान छापील भागांवाचून करावे. यासाठी आमची सूचना वेस्टलँड वापिटी या विमानाची आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या द्रिघ रोड येथे भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, ती चार वापिटी विमानांवर. हेही द्विपंखीच. त्याचा पंखांचा पल्ला सुमारे १४.१५ मीटर होता, म्हणजे १:३३ प्रमाणात ४३ सेंटिमीटर. एक वापिटी दिल्लीत पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात जतन केले आहे. छायाचित्रांवरून भाग स्वतः आखावेत, कागदाची दिशा तपासून कापावेत, दोन्ही कर्णांवर दोरे बांधावेत. रंगरंगोटी शेवटी, वेळ उरला तर.

आणि परीक्षकांना एक विनंती. गुणपत्रिकेत 'हुबेहूबपणा' हा रकाना असतोच, त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत. पहिल्यात विद्यार्थ्याने आपली प्रतिकृती खऱ्या विमानापासून कोठे वेगळी आहे हे लिहावे. दुसऱ्यात, ती मोडेपर्यंत किती नाणी पेलली आणि प्रथम काय मोडले, हे लिहावे. यासाठी प्रतिकृती मोडावी लागेल आणि मुलांच्या जिवावर येईल, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून पंखांची एक जोडी सुरुवातीलाच जास्तीची करून ठेवावी. कार्डशीटच्या एका कागदाचा तेवढा खर्च शाळेला झेपण्यासारखा आहे.